सगळी छपाई सुगंधा कोवे यांच्या नावावर

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मूल-सिंदेवाही पट्ट्यातील एका सरकारी कार्यालयात कंत्राटी संगणक परिचालक सुगंधा कोवे यांना कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. कार्यालयातील कागद व टोनर यांचा अवाजवी वापर केल्याचा ठपका त्यांच्यावर होता. चोवीस तासांत समाधानकारक खुलासा न आल्यास मुदतवाढीचा प्रस्ताव वर पाठवला जाणार नाही, असे नोटिशीत म्हटले होते. नोटीस सुगंधा कोवे यांनीच टाइप केली. तिच्या तीन प्रतीही त्यांनीच काढल्या: एक साहेबांसाठी, एक स्थळप्रत आणि एक स्वतःला बजावण्यासाठी. या तीन पानांची नोंदही त्यांच्याच नावावर झाली.

ती नोंद करणारे सॉफ्टवेअर मी बसवले होते.

कार्यालयाचे आणि खात्याचे नाव येथे देत नाही. जंगलाशी आणि जंगलातल्या गावांशी संबंध असलेले कार्यालय होते, एवढे पुरे. साहेबांचे नावही देत नाही. ते बदलून आले होते आणि पुढे बदलून गेले.

मी मुळात चंद्रपूरच्या एका दैनिकात पाने लावत असे आणि उपसंपादक रजेवर असला की बातम्याही नीट करत असे. ती आवृत्ती बंद झाली. पाने लावता लावता संगणक खोलायला आणि जोडायला शिकलो होतो, त्यावर पुढची वर्षे काढली. राजुऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या कार्यालयांत संगणक एकमेकांना जोडून देणे, प्रिंटर चालू ठेवणे आणि बंद पडले की जाणे, हे माझे काम होते. ‘मी काही केलं नाही, आपोआप झालं’ हे वाक्य मी मराठी, गोंडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत ऐकले आहे. तिन्ही भाषांत ते सारख्याच चेहऱ्याने म्हटले जाते.

छपाईच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे सांगणे सोपे आहे. या भागातल्या लोकांनी जंगलाच्या रस्त्यावरचा तपासणी नाका पाहिलेला असतो. ट्रक आला की दांडा आडवा होतो, आतला माणूस वही उघडतो, गाडीचा नंबर, वेळ आणि माल लिहून घेतो, मग दांडा वर जातो. हे सॉफ्टवेअर संगणक आणि प्रिंटर यांच्या मध्ये तसेच बसलेले असते. कोणाच्या नावाने प्रिंट आली, किती वाजता आली, फाइलचे नाव काय, पाने किती, एवढे ते लिहून घेते आणि प्रिंट पुढे सोडते. सांगितले तर दांडा आडवाही ठेवते. एक गोष्ट मात्र नाक्यावरच्या माणसाला जशी कळत नाही तशी त्यालाही कळत नाही. गाडीचा नंबर त्याला दिसतो. आतले लाकूड कोणाचे, ते दिसत नाही.

या नोंदींनी मला बरेच काही दाखवले. राजुऱ्याकडच्या एका कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी एक पान छापले जाई आणि ते कोणत्याही फायलीत सापडत नसे. नोंदी काढल्यावर कळले की एक वरिष्ठ लिपिक दर महिन्याला स्वतःचा राजीनामा छापत आणि खिशात घालून घरी नेत. ते पुढे नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. सिरोंच्याकडे फॉन्ट नसल्यामुळे तेलुगूतल्या सूचना नुसते चौकोन होऊन छापल्या गेल्या. चौकोनांखाली सही आणि गोल शिक्का होता, म्हणून त्या फलकावर पंधरा दिवस राहिल्या. कोणी हरकत घेतली नाही.

आता या कार्यालयाकडे येतो. तेथे पाच संगणक आणि एक मोठा प्रिंटर होता. नोटिशीच्या दोन वर्षे आधी ते पाच संगणक खोक्यांतून काढून मीच जोडले होते. त्या दिवशी सगळे कर्मचारी पंचनाम्याला गेले होते. कार्यालयात शिपाई दशरथभाऊ आणि नुकत्याच रुजू झालेल्या सुगंधाबाई एवढेच होते. संगणक चालू करताना वापरणाऱ्याचे नाव विचारतो. पाच संगणकांना पाच नावे दिली असती, तर प्रिंटर जोडलेल्या संगणकावर पाचही नावे आणि पासवर्ड वेगळे भरावे लागले असते. नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच ठेवले की कोणताही संगणक दुसऱ्याला अडवत नाही आणि प्रिंट विनातक्रार निघते. माझ्या धंद्यातली ही नेहमीची पळवाट आहे. दोन वाजता वीज जाणार होती. मी समोर बसलेल्या बाईंना नाव विचारले आणि ते पाचही ठिकाणी टाकले. पासवर्ड दशरथभाऊंनी स्विचबोर्डाच्या वर भिंतीवर पेनाने लिहून ठेवला.

त्यानंतर दोन वर्षे त्या कार्यालयातला प्रत्येक माणूस सकाळी संगणक उघडून सुगंधा होत असे. जी खुर्ची रिकामी असेल तिच्यावर बसायचे आणि काम करायचे, अशी तिथली रीत होती. कोणाला काही वाटत नसे. संगणक म्हणजे सुगंधाचे खाते, असेच सगळे धरून चालले होते.

मग हे साहेब आले. शिस्तीचे होते, वेळेवर येत आणि सगळ्यांना ‘अहो’ म्हणत. त्यांची एक सवय मात्र होती. पडद्यावर वाचलेले त्यांना वाचल्यासारखे वाटत नसे. प्रत्येक मसुदा छापून समोर ठेवावा लागे. त्यावर ते लाल पेनाने दुरुस्त्या करत. दुरुस्त केलेला मसुदा पुन्हा छापून जाई आणि पुन्हा लाल होऊन येई. एका पत्राचे सहा-सात मसुदे होत. फाइलींची नावे ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’, ‘अंतिम सुधारित साहेब’, ‘अंतिम साहेब बोलले’ अशा क्रमाने वाढत जात.

कपाटातली कागदाची रिमे लवकर संपतात, हे साहेबांच्या लक्षात आले. नागपूरच्या एका प्रशिक्षणात त्यांनी छपाईच्या नोंदींबद्दल ऐकले होते. त्यांनी मला बोलावले.

“कागद जातो कुठे, हे मला कळलं पाहिजे. माणसानुसार. संगणकानुसार वगैरे नको, मला माणूस हवा.”

मी म्हणालो, “साहेब, त्याआधी प्रत्येकाचं वेगळं नाव करावं लागेल. दोन दिवस लागतील.”

“गुरुवारी वरचे साहेब पाहणीला येताहेत. त्यांना दाखवायचंय. आधी बसवा, बाकीचं मागाहून करू.”

मी बसवले. पाहणीच्या दिवशी पडद्यावर रंगीत आलेख हलताना सगळ्यांनी पाहिला. माझा बसवणी अहवाल मी ईमेलने पाठवला. त्यात नऊ मुद्दे होते. सातवा असा: ‘सर्व संगणकांवर एकच वापरकर्ता नोंदवलेला असल्याने व्यक्तिनिहाय अहवाल सध्या ग्राह्य धरू नये.’ वर्तमानपत्रात मुख्य बातमी सातव्या परिच्छेदात गेली तर तिला पुरली असे म्हणतात. हे मी अकरा वर्षे इतरांना सांगत आलो होतो. या कार्यालयाच्या देखभालीचे माझे कंत्राट त्याच महिन्यात नव्याने व्हायचे होते, हेही येथे नोंदवायला हवे.

महिन्याने पहिला अहवाल निघाला. त्यात छपाई करणारी व्यक्ती एकच होती: सुगंधा कोवे. बाकी कर्मचाऱ्यांची नावे अहवालात हजेरीपटावरून घेतली होती, त्यांच्यापुढे शून्य होते.

साहेबांनी बैठक घेतली. अहवाल दाखवायला मलाही बोलावले होते. मला वाटले, आता चूक उघडी पडेल. साहेबांनी शून्ये वाचली आणि ते उभे राहिले.

“निकुरे, अख्ख्या महिन्यात एकही पान नाही. याला म्हणतात कागदविरहित कामकाज. बाकीच्यांनीही तेच केलंय. मला अभिमान वाटतो.”

निकुरे बाबू म्हणजे तिथले हेडक्लार्क. बाकी तिघे क्षेत्रावर फिरणारे कर्मचारी होते. चौघांना ‘कागद बचत गौरव’ असे प्रमाणपत्र देण्यात आले. टाळ्या झाल्या. प्रमाणपत्रे जाड कागदावर सुगंधाबाईंनी छापली होती आणि मोबाइलवर फोटोही त्याच काढत होत्या.

निकुरे बाबूंबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. एक, त्या महिन्यात साहेबांच्या खालोखाल कागद त्यांनी वापरला होता. दोन, तो कागद नाटकात गेला होता. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. बाबू त्यांच्या गावच्या मंडळाचे दिग्दर्शक होते आणि खलनायकही तेच करत. तीन अंकी नाटकाची प्रत्येक नटासाठी एक प्रत त्यांनी कार्यालयात काढली होती. फाइलीचे नाव त्यांनी ‘मासिक प्रगती अहवाल’ ठेवले होते.

बैठक संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठले. “बाबू, खरं काऊन नाई सांगितलं?”

प्रमाणपत्राची धूळ बाहीने पुसत ते म्हणाले, “बोरकुटे भाऊ, एकवीस वर्सं झाले मले नोकरीले. आजवर साहेब लोकायनं ‘निकुरे, हे काय लिहिलं’ एवढंच म्हटलं. पयल्यांदा टाळ्या वाजल्या. आता मी उठून सांगू का, का बा साहेब, टाळ्या वापस घ्या?”

“पण त्या पोरीच्या अंगावर येऊन राह्यलं न हे.”

“काही नाई होत. सॉफ्टवेअर हाय ते. उद्या बंद पडते.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि सातवा मुद्दा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले.

“तुमच्या अहवालात निकुरेंपुढे शून्य आहे की नाही?”

“आहे, साहेब. पण ते...”

“मग झालं. आणि तो मुद्दा मला कुठे कळवलात?”

“ईमेलने.”

“अहो, ईमेल मी वाचत नाही. प्रिंट काढून द्यायची होती.”

अहवाल तोवर वरच्या कार्यालयात गेला होता, गौरवाच्या फोटोंसह. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत साहेबांना दररोज संध्याकाळी दिवसाचा अहवाल तीन प्रतींत हवा असे. तोही सुगंधाबाईच छापत. त्यांच्या नावावरची पाने आणखी वाढली. वरून विचारणा आली: सदर कंत्राटी कर्मचाऱ्यावर काय कारवाई केली? मंगळवारची नोटीस ही त्या विचारणेवरची कारवाई होती.

सुगंधा कोवे यांचे कंत्राट मार्चअखेर संपत होते. एक महिन्याचा खंड देऊन अकरा महिन्यांची मुदतवाढ दर वर्षी होई. तिचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर होता. नोटीस असलेल्या माणसाचा प्रस्ताव पुढे जात नाही. त्यांचे गाव तालुक्यापासून दीड तासावर, जंगलाच्या आत. घरी धानाची थोडी शेती, मोहफूल आणि तेंदूपानांचा हंगाम. धाकटी बहीण गडचिरोलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे शिक्षण या नोकरीवर चालू होते.

मंगळवारी मला साहेबांनी साडेदहाला हजर राहायला सांगितले होते. नोटिशीसोबत एक आदेश माझ्या नावाने होता: ‘श्रीमती सुगंधा कोवे यांची छपाई सुविधा पुढील आदेशापर्यंत तात्काळ बंद करावी.’ मी तो दोनदा वाचला.

“साहेब, हे नाव बंद केलं तर...”

“आदेश स्पष्ट आहे ना?”

“स्पष्ट आहे.”

“मग करा.”

सुगंधाबाई प्रिंटरजवळच्या संगणकावर बसल्या होत्या. मी खुर्ची मागितली.

“तुमचं छापणं बंद करायला सांगितलं, बाई.”

“माझं?” त्यांनी खोलीभर नजर टाकली. “एकटीचं?”

“आदेशात एकटं नाव हाय.”

त्या उठल्या. “करा मग, भाऊ. आदेशाप्रमाणे करा. नुसतं लिहून ठेवा किती वाजता केलं ते.”

मी सॉफ्टवेअरच्या यादीत त्यांच्या नावापुढची खूण काढली. यादीत दुसरे नाव नव्हतेच. अकरा पंचवीस झाले होते. मी वेळ लिहून ठेवली.

अकरा चाळीसला क्षेत्रावरचा एक कर्मचारी गावांना लावायच्या सूचना छापायला बसला. मोहफुले वेचायचे दिवस होते. वाघाचा वावर असल्याने पहाटे जंगलात एकट्याने जाऊ नये, अशी सूचना होती. प्रिंट निघाली नाही. त्याने प्रिंटरला दोन थापा मारल्या. मग दुसऱ्या संगणकावर बसला. तिथूनही निघाली नाही. बारा वाजता निकुरे बाबू तिसऱ्यावरून प्रयत्न करत होते. दुपारी सव्वाबाराला साहेबांच्या खोलीतून घंटा वाजली.

तीन वाजता चंद्रपूरला साहेबांची बैठक होती. तिच्यासाठीच्या टिपणीचा पाचवा मसुदा त्यांनी नुकताच लाल करून दिला होता. एक वाजता निघाल्याशिवाय ते पोचणार नव्हते. अंतिम प्रत हातात नव्हती.

“काय झालंय प्रिंटरला?”

निकुरे बाबू म्हणाले, “प्रिंटर बरा हाय साहेब. पण छापून नाई राह्यला.”

“बोरकुटे, कोवेंचं बंद करायला सांगितलं होतं. बाकीच्यांचं का बंद झालं?”

“बाकीचे कोणी नाहीतच, साहेब. यादीत एकच नाव आहे.”

पाणी घेऊन आलेले दशरथभाऊ दारात थांबले होते. ते म्हणाले, “साहेब, हे पाची कंप्युटर सुगंधाच हाय न. तुमीबी सुगंधा, बाबूबी सुगंधा. मले छापता येत नाई म्हून मीच तेवढा दशरथ हाय.”

निकुरे बाबूंना खोकला आला.

साहेबांनी घड्याळ पाहिले. “पेनड्राइव्हवर घ्या आणि बाहेरून झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणा.”

निकुरे बाबूंनी भिंतीवरच्या परिपत्रकाकडे हात केला. कार्यालयीन दस्तऐवज बाहेरच्या दुकानात छापू नयेत, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल, असे त्यावर होते. खाली सही साहेबांची होती.

“बरं. बोरकुटे, ते कोवेंचं पुन्हा सुरू करा.”

वर्तमानपत्रात कोणी फोन करून बातमीचे खंडन सांगितले, तर ते आम्ही छापत नसू. लेखी पाठवा, म्हणत असू. मी म्हणालो, “लेखी आदेशाने बंद केलंय, साहेब. सुरू करायलाही लेखी लागेल. नाहीतर उद्या विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून सुरू केलं.”

साहेबांना हे पटले. पटण्यासारखेच होते, कारण त्यांची कामाची पद्धत हीच होती. “कोवे मॅडम, टाइप करा.”

सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. “टाइप करतो मी, साहेब. पण छापाची मले मनाई हाय.”

आतापर्यंत सगळे साहेबांच्या खोलीत आले होते. बारा चाळीस झाले होते. साहेबांनी कोरा कागद ओढला, पेन काढले आणि स्वतः लिहायला घेतले. मी कार्यालयांच्या इतक्या वर्षांच्या कामात एवढ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या हाताने आदेश लिहिताना पाहिले नव्हते. निकुरे बाबू खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

साहेबांनी लिहिले: ‘श्रीमती कोवे यांची छपाई सुविधा पूर्ववत सुरू करावी.’ पेनाला टोपण लावू लागले.

मी म्हणालो, “कारण, साहेब. सॉफ्टवेअरमध्ये कारणाचा रकाना आहे. काय भरू?”

“काय भरायचं असतं?”

“बंद करताना ‘अवाजवी वापर’ भरलं होतं. आता सुरू का करतोय, ते.”

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिले. मग टोपण काढून त्याच ओळीखाली लिहिले: ‘कारण, सदर नावाने संपूर्ण कार्यालय छपाई करते.’ खाली सही केली, तारीख टाकली, वेळही टाकली.

कारणाचा तो रकाना भरला नाही तरी सॉफ्टवेअर चालते. हे मी त्या वेळी सांगितले नाही.

बारा बावन्नला प्रिंटर सुरू झाला. सगळ्यात आधी क्षेत्रावरच्या माणसाच्या सूचना निघाल्या, कारण त्या रांगेत पहिल्या होत्या. साहेब त्या निघेपर्यंत उभे राहिले. मग टिपणी निघाली. ते एक वाजून पाच मिनिटांनी गाडीत बसले.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सुगंधाबाई माझ्याजवळ आल्या. “भाऊ, त्या कागदाची एक झेरॉक्स मले द्या.”

“द्यायलाच पाहिजे का?” निकुरे बाबू मधेच म्हणाले.

“काऊन बाबू? तुमाले भेटलं न सर्टिफिकेट? मलेबी एक राहू द्या.”

बाबूंनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनीच तो कागद प्रिंटरच्या काचेवर ठेवला आणि बटण दाबले. प्रत सुगंधाबाईंच्या हातात दिली. “ते मासिक प्रगती अहवालाचं तेवढं काही लिहू नको, माय.”

“नाई लिहीत. पण खलनायकाचं काम तुमीच करत जा बाबू, तुमाले जमते.”

त्यांनी खुलासा हाताने लिहिला. दोन ओळींचा होता. ‘नोटिशीतील ठपक्याबाबत माझे वेगळे म्हणणे नाही. साहेबांचे आजचे लेखी म्हणणे सोबत जोडले आहे.’ तो त्यांनी आवक नोंदवहीत नोंदवून घेतला आणि नोंद क्रमांक स्वतःच्या प्रतीवर लिहून घेतला. ही नोंद निकुरे बाबूंनी केली. मुदत संपायला एकवीस तास बाकी होते.

मी निघताना त्यांना म्हणालो, “बाई, ते नाव पाची संगणकांवर मीच टाकलं होतं.”

“मले माहीत हाय. चाय मीच आणून देल्ली होती न तुमाले त्या दिशी. तुमी नाव विचारलं, मले वाटलं रजिस्टरात लिहाचं असन.” मग त्या म्हणाल्या, “दोन वर्सं झाले भाऊ. मधात येकदा यिऊन बदलवता आलं असतं तुमाले.”

काम करताना माणसाचे नाव नुसते एक रकाना भरायला वापरले, ही माझ्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त चूक आहे. तिचा भार चूक करणाऱ्यावर कधी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावले. खुलासा त्यांच्यापुढे होता. सोबतचा कागद वर होता.

“हे तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत.”

“आपणच लिहिलंत, साहेब.”

“जुन्या अहवालात नावं बदलता येतील? पाच जणांत वाटून?”

“येतील. पण बदल कोणी केला आणि कधी केला, याचीही नोंद होते.”

“कोणाच्या नावावर?”

“सध्या तरी सुगंधा कोवे यांच्याच.”

साहेबांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी लाल पेन उचलले. मला वाटले, स्वतःच्याच आदेशात दुरुस्ती करतील. त्यांनी खुलाशाच्या समासात ‘दप्तरी दाखल’ असे लिहिले आणि प्रस्तावाची फाइल ओढली.

“हा प्रस्ताव वर पाठवायच्या पत्राचा मसुदा आणायला सांगा,” ते म्हणाले. “एकदाच. चांगला वाचून.”

वरच्या कार्यालयाला ‘प्रणाली प्राथमिक अवस्थेत असल्याने नोंदींत तांत्रिक त्रुटी आढळली’ असे कळवण्यात आले. त्या पत्राचे चार मसुदे झाले. चार प्रमाणपत्रे परत मागवण्यात आली नाहीत. निकुरे बाबूंनी त्यांचे लॅमिनेशन मूलच्या दुकानातून आधीच करून आणले होते. त्या आठवड्यात मी पाच संगणकांवर पाच वेगळी नावे टाकली. त्यासाठी दोन दिवस लागले. भिंतीवरचा पासवर्ड दशरथभाऊंनी चुना लावून पुसला.

मुदतवाढीचा प्रस्ताव वरून मंजूर होऊन आला. सुगंधा कोवे यांच्या अकरा महिन्यांच्या नियुक्तीचा आदेश मार्चच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी निघाला. त्याची एक प्रत त्यांनी सही करून घेतली.